मुंजीच्या वाटीतले जॅम टार्ट

दहावीच्या निरोपसमारंभाला कोण काय आणणार, ते मिस फळ्यावर लिहीत होत्या. वर्गाच्या पार्टीला मी दरवर्षी कागदी प्लेट्स आणायचे. प्लेट्स आणणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, हा त्यातला मोठा फायदा. पण त्या दिवशी माझा हात वर गेला आणि तोंडातून निघालं, "जॅम टार्ट्स."

मिसच्या हातातला खडू थांबला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हिला बोलता येतं?" सगळे हसले, मीसुद्धा हसले. पण मनातून ठरलं, टार्ट्स न्यायचेच. नाहीतर या शाळेतून मी प्लेट्सवाली म्हणूनच बाहेर पडणार होते.

टार्ट मी कधी पाहिला नव्हता. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांतली मुलं सहलीला जाताना टोपलीतून न्यायची. चित्रात पुरीएवढं कवच आणि त्यावर जॅमचा लालभडक ढीग. एवढ्या माहितीवर मी घरी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, पोचले.

आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे उघडी करंजी."

"हो, पण गोल. आणि आत जॅम."

"मग करू की. त्यात काय!"

द्राक्षांचे दिवस होते. घडातून गळलेले सुटे काळे मणी नाशिकरोडच्या बाजारात स्वस्त मिळायचे. आईने ते साखर-लिंबू घालून आटवले. ताटलीत थेंब टाकून ती तिरकी करायची, थेंब पळाला नाही की जॅम झाला. खात्री करायच्या नावाखाली मी इतके थेंब चाटले की जीभ जांभळी झाली. मैद्यात थंड लोणी घातलं. नानकटाईसारखं हलक्या हाताने चोळ, मळू नको, असं आईने बजावलं.

अडलं ते साच्यांपाशी. दुकानदाराने मोदकाचा साचा दाखवला. शेवटी आई म्हणाली, लहान वाट्यांतच थापू. आमच्याकडच्या पुरेनात, म्हणून शेजारी मागायला मला पाठवलं. पहिल्या दारात मी नुसतीच उभी राहिले. "अगं बोल की, मूग गिळलेस का?" शेजारच्या काकूंनी विचारलं. मी कसंबसं "वाट्या" म्हणाले. त्या दिवशी वसाहतीत मी जितक्या बेल वाजवल्या तितक्या आधी कधीच वाजवल्या नव्हत्या.

सगळ्या वाट्या भेटीतल्या, त्यामुळे प्रत्येकीवर काहीतरी कोरलेलं. कुणाची मुंज, कुणाचं बारसं, एकीवर वास्तुशांत.

दिवाळीत आम्ही नानकटाई वसाहतीच्या गेटाबाहेरच्या बेकरीत भाजून आणायचो, तिथेच वाट्यांचा ट्रे आणि जॅमचं पातेलं घेऊन गेलो. बेकरीवाले बघतच राहिले. "भाभी, भट्टीत दही लावायचंय काय?"

"तुम्ही ठेवा तर आत. खमंग वास आला की काढा."

आईने प्रत्येक वाटीत अर्धाच जॅम घातला होता. करंजीतही सारण बेताचंच, हा तिचा नियम. पण चित्रात तर ढीग होता! ती पैसे द्यायला वळली तेवढ्यात मी पातेल्यातला उरलेला जॅम सगळ्या वाट्यांत काठोकाठ ओतला.

भट्टीतून ट्रे बाहेर आला तेव्हा वास असा होता की पाव घ्यायला आलेली माणसं पाव विसरली. टार्ट सोनेरी, फुगीर, सुंदर. फक्त जॅम उतू जाऊन कडांवरून खाली गेला होता आणि गार होताना चिक्कीसारखा घट्ट झाला होता. घरी येऊन मी सुरी घातली, वाटी उलटी करून ठोकली. टार्ट हलेना.

आईने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलणार. ती एकदम फुटलीच, ओटा धरून हसली. "जा आता वाट्यांसकट!"

तशीच गेले. स्कूलबस प्रत्येक खड्ड्यात खणखणत होती. वर्गात मी पिशवीतल्या वाट्या टेबलावर मांडल्या आणि बाजूला उभी राहिले. कुणीतरी एक उचलून वाचलं आणि ओरडलं, "आय गॉट मुंज!"

मग काय, झुंबडच. "बारसं कुणाकडे आहे? ए, एक्स्चेंज कर ना!" "वास्तुशांत मिसला द्या, मिसला!" चमचे कुणी आणले नव्हते. कंपासपेट्यांतल्या स्टीलच्या पट्ट्या धुऊन सगळे टार्ट खरवडत होते. कवच खुसखुशीत, द्राक्षं आंबटगोड, आणि तळाची जळकी चिक्की तर भांडून खाल्ली गेली. शाळेतला इंग्रजीतच बोलायचा नियम मिसने स्वतःही मोडला, "अगं, अजून आहे का?"

वाट्या गोळा करताना मी दचकले. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नसते, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मी मिसच्या खुर्चीवर चढले आणि मोठ्याने म्हणाले, "थांबा! या रिकाम्या न्यायच्या नसतात!" आणि का ते सगळ्या वर्गाला सांगितलं. सगळं, एका दमात. मुंजीत चिवडा पडला, बारशात ढोकळा, वास्तुशांतीत मिसने स्वतः वेफर्स घातले. कोपऱ्यात त्या वर्षीच्या कागदी प्लेट्स न फोडलेल्या पाकिटात पडून होत्या.

संध्याकाळी मी पुन्हा सगळ्या बेल वाजवल्या. शेजारच्या काकूंनी मुंजीच्या वाटीत डोकावून पाहिलं. "हा कुणाचा चिवडा? आणि काल सगळ्या बिल्डिंगभर वास सुटला होता, तो पदार्थ कुठाय? आम्हाला वासावरच ठेवलंस होय?" त्यांनी चिवडा तळहातावर ओतून घेतला आणि वाटी माझ्यापुढे धरली. "धर. यातच आणून दे."

मी हात मागे घेतले.

"काकू, रिकामी देताय?"

त्या हसत हसत साखरेचा डबा आणायला आत गेल्या.