रोज्याच्या दिवशी पुरणपोळ्या घेऊन बर्मिंगहॅमला

निघूच नये असं वाटत होतं. आठवड्यात हॉस्पिटलच्या दोन ऑन-कॉल रात्री झाल्या होत्या, डोळे चुरचुरत होते, आणि वॉटफर्डहून बर्मिंगहॅम म्हणजे M1 आणि M6 हे दोन मोटरवे मिळून दोन तासांचा कंटाळा. पण १९९३च्या मार्चमधला तो रविवारही टाळला असता, तर रेहाना कायमची तुटली असती.

ती दाभोळची, मी पुण्याची. ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅमला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आम्ही चार वर्षं एकत्र काढली. जानेवारीत मुंबईच्या दंगलींवरून फोनवर वाद झाला आणि मी बोलून गेले, "शेवटी तुम्ही लोक बाहेरूनच आलात ना?" तिनं फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने अवाक्षर नाही.

निमित्त माझ्या मुलीनं दिलं. इस्लाम जगात कसा पसरला, यावर मृण्मयीला शाळेतून होमवर्क होता. रेहानाचे अब्बा जन्मभर जहाजावर होते, आता बर्मिंगहॅमला तिच्याकडेच राहत होते, त्यांना विचारू म्हटलं. आधी फोन केला नाही. 'येऊ नकोस' म्हणाली असती तर? होळी होती, म्हणून सकाळी पुरणपोळ्या लाटल्या.

जाणाऱ्यांसाठी सांगते, M6 वर रस्त्याची कामं कायम चालूच असतात, तासभर जास्तीचा धरा. वाटेवरच्या सर्व्हिसेसमधला चहा महाग आणि पाणचट. त्यापेक्षा थर्मास न्यावा. रेहाना राहते त्या स्पार्कब्रुक भागात गाडी मुख्य रस्त्यावर न लावता आतल्या गल्लीत लावावी.

दुपारी दोनला रेहानानं दार उघडलं. माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाली, "रमजान चालू आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्वार्टर्समध्ये रोज्याआधीच्या तिच्या सहरीसाठी पहाटेचा गजर मीच लावायचे.

"आत ये. मुलीला भूक लागली असेल," एवढंच बोलून तिनं मृण्मयीला ताट वाढलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मृण्मयीनं वही उघडली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा, तुमची गावात इस्लाम कसा आला? सोर्डनी?"

अब्बा हसले. "तलवारी चालल्या पोरी, नाय कशाला म्हणू? पण आमच्या किनाऱ्यावर आधी गलबतं आली. अरब खजूर नि घोडे घेऊन यायचे. वारा फिरेपर्यंत परत जाता येत नसे, महिनोन्‌महिने थांबायला लागायचं. मग तिथल्याच पोरींशी लग्नं केली. कुणी शेजारपाजारचे आपणहून त्यांच्यातले झाले. लिही, बाप दर्यातून आले, आया तिथल्याच."

मृण्मयी लिहीत होती. मी ताटाकडे बघत बसले. माझं ते वाक्य अब्बांना माहीत होतं की नाही, अजून कळलेलं नाही.

स्वयंपाकघरात रेहाना इफ्तारीची फळं चिरत होती. मी सुरी घेऊन शेजारी उभी राहिले. "चुकलं माझं," म्हटलं.

"थकलेली होतीस, असं सांगू नकोस," ती म्हणाली. "तसं वाटत होतं, म्हणून बोललीस."

खरं होतं ते. मी मान हलवली. तिनं पपई माझ्याकडे सरकवली. सहाच्या सुमाराला सगळ्यांनी खजूर घेतला, पोळ्या तुपाशी संपल्या, पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण तसाच होता. दारात निरोप घेतानाही ती फक्त मृण्मयीच्या गालाला हात लावून आत गेली.

परतीच्या वाटेवर धुकं होतं. मृण्मयी झोपली. एवढी यातायात करून मी काय मिळवलं, असं मनात येत राहिलं. घरी आले, कोट न काढताच सोफ्यावर बसले.

आज कुणी त्या सहलीबद्दल विचारलं, तर इतिहास सगळा सांगता येतो. पण माझ्याजवळ राहिलंय ते त्यानंतरच्या दहा मिनिटांतलं. फोन वाजला.

"पोचलीस ना?" रेहाना.

"हो, आत्ताच."

"मग कळवायला काय झालं? धुक्यात गाडी घेऊन गेलीस, इथे अब्बा फोनपाशी बसलेत. अक्कल आहे का तुला?"

ती चांगली पाच मिनिटं मला झापत होती, आणि मी रडत ऐकत होते. परक्या माणसाला कुणी असं झापत नाही.