खुर्चीत बसून लिहिलेला पंचनामा

“बोला तुम्ही बिनधास्त. मॅडमले कुठं आपलं बोलणं समजते,” आमचे हवालदार ओसरीत बसून बंगल्याच्या मालकांना सांगत होते.

मी फाटकाशी उभी होते. मला सगळं समजत होतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला वऱ्हाडी कळत नाही असं ठाण्यात सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि मी तो समज कधी खोडला नव्हता. गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक बरंच बोलून जातात.

“मंग लिहून घ्या ना,” मालक म्हणाले. “शटर जाम झालं. त्या चाचानं बिघडवलं. यात माहा काय दोष?”

ही घाटंजीची गोष्ट. मी तेव्हा पोलीस उपनिरीक्षक होते. पुढे नोकरी सोडली, इतर प्रकरणांचे तपशील पुसट झाले. हे एक तेवढं झालं नाही. आठवलं की अजून राग येतो, आणि त्यातला थोडा माझा माझ्यावरच असतो.

घडलं होतं ते असं. मालकांनी त्या वर्षीचा कापूस गाडीच्या गॅरेजमध्ये भरला होता आणि गाडी बाहेर लिंबाखाली लावली होती. भरलेला कापूस पायांनी खुंदून दाबला की तेवढ्याच जागेत जास्त मावतो. त्या कामाला एक मजूर बाई सांगितली होती. ती सकाळी दहाला आत गेली. दुपारी शेजारच्या घराला प्लॅस्टर करणाऱ्या मजुरांना शटरवर थापा ऐकू आल्या. थोड्या वेळानं थापा थांबल्या. शटर उघडेना, तेव्हा मजुरांनी सब्बल, म्हणजे पहार, घालून ते मधून वाकवलं आणि बाईला बाहेर ओढलं. ढीग अंगावर घसरून ती छातीपर्यंत गाडली गेली होती, नाकातोंडात कापसाची धूळ गेली होती. शुद्ध नव्हती.

ग्रामीण रुग्णालयातून ठाण्याला खबर आली, पण त्याआधीच मालक येऊन गेले होते. आठ दिवसांपूर्वी शटरची दुरुस्ती एका मिस्त्रीनं केली होती. गावात त्याला सगळे चाचा म्हणत. त्यानंच काम बिघडवलं, असं मालकांचं म्हणणं. हवालदारांनी ओसरीतल्या खुर्चीत बसूनच पंचनामा केला आणि त्यात लिहिलं, ‘शटर जाम असल्याचे दिसून आले.’ दुसऱ्या दिवशी सकाळी चाचाला ठाण्यात आणून बाकावर बसवलं. जखमी बाई असल्यानं तपास माझ्याकडे आला.

त्या सकाळी मी ओसरीत गेले आणि म्हणाले, शटर पाहायचं आहे.

“पाहाचं काय त्यात, पंचनामा तं झाला,” मालक म्हणाले. हवालदारांनी मान डोलवली. मी दोघांकडे पाहिलं आणि परत फिरले. गॅरेज वीस पावलांवर होतं. त्या वीस पावलांचा राग मला आजही आहे.

ठाण्यात चाचाला समोर बसवलं. साठीचा माणूस, बोटांच्या रेघांत काळं ग्रीस. मला वाटलं रडेल, गयावया करेल. त्यानं उलट मलाच विचारलं.

“मॅडम, मजुरांनी उचललं तवा शटर तिरपं झालं काय?”

“म्हणजे?”

“जाम झालेलं शटर तिरपं होते. एक बाजू उठते, एक अडकते. पट्टी खाचेतून सुटते, नाही तं एका अंगाची स्प्रिंग ढिली पडते. दोन्ही बाजू सारख्या बोटभर उठून तिथंच ठेपल्या, तं ते जाम नोहे.”

“चाचा, मॅडमले शटरची शाळा शिकवून राह्यला का?” हवालदार हसले.

चाचानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. “शटर उघडत नाही म्हणून लोक बोलावते ना मॅडम, तवा मी पहिले लॉक पाहातो. लय वेळा तेच लागलेलं असते. मंग मले चहा पाजते अन् वापस धाडते.”

मी उठले. महिला शिपाई आणि दोन पंच सोबत घेतले, हवालदारांना घेतलं नाही. आधी प्लॅस्टरवाल्यांकडे गेले. त्यांच्यातला एक म्हणाला, “दोन्हीकडून बोटभर उठलं ताई, मंग दगडावानी. सब्बल घातली तवा कुठं वाकलं.”

मग मी शटरसमोर गुडघ्यांवर बसले. मालक म्हणाले, “मॅडम, कपडे खराब होईन.”

या शटरला बाहेरून कडी नव्हती की टाळं नव्हतं. मधल्या पट्टीत फक्त किल्लीचं भोक. किल्ली फिरवली की आतल्या दोन सळया डावी-उजवीकडे सरकतात आणि बाजूच्या लोखंडी खाचांतल्या भोकांत जाऊन बसतात. अडकलेलं आणि लावलेलं शटर बाहेरून सारखंच दिसतं. मजुरांनाही ते कळलं नसणार. मी टॉर्च धरला. उजवी सळई भोकात होती, वर वाकलेली. भोकाची वरची कड फाटून लोखंड पांढरं चमकत होतं. डावीकडे तेच. खाचांत चाचाचं तेल ताजं होतं, पट्ट्यांची टोकं जागेवर होती, स्प्रिंगा दोन्ही अंगांनी सारख्या ताणलेल्या.

किल्ली मागितली. मालकांनी खिशातून काढून दिली. ती भोकात गेली, पण फिरली नाही. सळया लावलेल्या स्थितीतच वाकल्या होत्या.

“किल्ली कोणाकडे असते?”

“माह्याजवळच.”

“काल दुपारी तुम्ही कुठे होता?”

“जिनिंग मिलवर गेलतो. कापसाच्या गाड्यांची लाइन होती.”

“घरात?”

“कोणी नाही. घरचे लग्नाले गेलते, म्हणून तं...” ते थांबले.

मी काही विचारलं नाही. नुसती किल्ली हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिले. प्रश्नापेक्षा शांतता माणसाला जास्त टोचते. मालकांना ती फार वेळ सोसली नाही.

“बाया ओटीत कापूस नेते मॅडम. रोज संध्याकाळी आमच्या घरची पाहून घेते त्याईले. काल ती नव्हती. मी माणूस, बाईची झडती मी कसा घेऊ? लावून गेलो. तासाभरात येणारच होतो.”

हे सांगताना त्यांच्या आवाजात सभ्यपणा होता. परक्या बाईच्या पदराला हात लावला नाही, याचं समाधान होतं. तिला कापसाच्या धुळीत कुलूपबंद करून ते निघून गेले होते, आणि तरी स्वतःच्या नजरेत सज्जन होते. पंचांसमोर, जमिनीवर बसून, नवा पंचनामा लिहिला. सळया आणि किल्ली जप्त केली.

तिथून रुग्णालयात. बाईच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. एकेक शब्द थांबून थांबून येत होता.

“किल्लीचा आवाज आलता मले. म्या म्हटलं, भाऊ, मी कुठं जात नाही. ते गेलते तवर.”

“हे जबाबात लिहू?”

तिनं मान फिरवली. “मले काई तक्रार नाही बाई. उद्या कामाले कोण बोलवन? मी सही करत नाही.”

मी तिला समजावलं नाही. तिला काय समजवायचं होतं? तिचा हिशेब माझ्यापेक्षा तिला बरोबर माहीत होता.

संध्याकाळी मी ठाणेदार साहेबांसमोर उभी होते. चाचा अजून बाहेर बाकावर होता. साहेबांनी नवा पंचनामा वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, “चांगलं काम केलं. पण बाईच फिर्याद देत नाही, तर मी काय करू? चाचाचा कागद तयार आहे. निष्काळजीपणाचं किरकोळ कलम आहे, जामीन होऊन जाईल. मालक आपल्या उठण्याबसण्यातले आहेत. तू नवीन आहेस.”

या प्रकरणानं मला तपासाबद्दल एकच गोष्ट शिकवली. कोणी म्हणालं की आपोआप झालं, तर आधी किल्ली कोणाच्या खिशात आहे ते पाहावं. स्वतःबद्दल शिकवलं ते जास्त कडू होतं. माझं गप्प राहणं मी कौशल्य समजत होते. त्या खोलीत ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. हवालदारांच्या, साहेबांच्या, मालकांच्या. सकाळी ओसरीवरून मी परत फिरले तेव्हा तेच झालं होतं.

जखमी माणूस पुढे येत नसेल, तर पोलीस अधिकारी स्वतः सरकारतर्फे फिर्याद देऊ शकतो. हे प्रशिक्षणात शिकवतात. मग कोर्टात उलटतपासणीला त्यालाच उभं राहावं लागतं आणि गावातला रोष त्याच्याच वाट्याला येतो, म्हणून सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

हवालदार टेबलाशी पेन घेऊन बसले होते. साहेब म्हणाले, “मग चाचाचं करून टाकू?”

“नाही सर,” मी म्हणाले. “बाईला डांबून ठेवल्याची फिर्याद सरकारतर्फे मी देते. हवालदार, लिहून घ्या.”