आंबट औषध

"हिच्या रक्तात आम्ल साठतंय," उल्हासनगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघत सांगितलं. सेजल, माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. उंची थांबलेली, चेहरा पांढराफटक, जिना चढताना पाय गळायचे. मी मेली तिला आळशी म्हणायचे.

आजाराचं नाव डिस्टल रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस. म्हणजे मूत्रपिंडाला शरीरातलं आम्ल लघवीतून बाहेर टाकता येत नाही. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या आवरणात एक प्रथिन असतं, ते क्लोराइड आत घेतं आणि बायकार्बोनेट बाहेर सोडतं. जवळपास तेच प्रथिन मूत्रपिंडातही असतं. सेजलचं जन्मापासून बिघडलेलं, म्हणून रक्तही कमी.

"दोष आईवडील दोघांकडून आलाय. नात्यात लग्न आहे का?"

आहे. माझ्या सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या.

उपचार एकच: पोटॅशियम सायट्रेटचं सिरप, आयुष्यभर.

चामटोलीला घरी येऊन मी आधी चिंच, कोकम, लिंबू बंद केलं. आत्या मासळीचं कालवण चिंचेशिवाय करायला लागल्या. मग मी सिरप चाखलं. आंबटढाण! उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या मेडिकलवाल्याकडे बाटली घेऊन गेले.

"भाभी, जो लिखा है वही दिया है. खट्टी ही होती है."

मला पटलं नाही. अंगात आम्ल जास्त, त्यात आणखी आंबट कशाला ओतायचं? मी शहाणी! आधी डोस अर्धा केला, मग बंदच. डॉक्टरांना मात्र "चालू आहे" सांगत राहिले.

आठ महिन्यांनी सेजल शाळेत कोसळली. पोटॅशियम इतकं उतरलेलं की पाय हलेनात. सोनोग्राफीच्या बाहेर बाकावर बसून मी सगळं कबूल केलं.

डॉक्टर ओरडले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "चवीला आंबट असलं, तरी ते शरीरात जाऊन आम्ल कमीच करतं. पण इतके महिने औषधाविना मूत्रपिंडात कॅल्शियम साठलंय. ते आता निघत नाही. मूत्रपिंडं किती वर्षं साथ देतील, सांगता येणार नाही."

तुमच्या घरी हा आजार असेल, तर जिभेचं ऐकू नका. जे वाटेल ते डॉक्टरांना विचारा, वेड्यासारखं वाटलं तरी. मी विचारलं नाही.

आता सिरप वेळेवर जातं. डॉक्टरांना विचारून कालवणात चिंचही परत आणली. पहिल्या दिवशी सेजलने बोटं चाटत विचारलं, "मम्मी, आता आंबट चालतं ना? म्हणजे मी ठीक झाली?"

"चालतं," मी म्हटलं, आणि तिला अजून कालवण वाढलं.