हैबतराव निघत नाहीत

शशिकला मोहिते दुपारची झोपत नाही, नुसती पडते. हे ती सुनेला कित्येक वर्षं सांगत आली आहे, आणि सून 'हो, पडा' म्हणत खिडकीचा पडदा ओढून घेते. आजही तसंच झालंय. जेवणं आटोपून मुलगा-सून बियाण्यांच्या दुकानात गेलेत, मिरजेतलं दिवाळीआधीचं ऊन अंगणात तापतंय, आणि शशिकला दिवाणावर पडली आहे. चष्मा डोळ्यांवरच आहे. पंखा फिरतो, मधेच अडखळतो, पुन्हा फिरतो. पलीकडे टेबलावर कादंबरीचं शेवटचं प्रकरण ठेवलंय, म्हणजे एक कोरा ताव आणि त्याच्यावर पेन.

शशिकला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते. लढाया नावापुरत्या, प्रेम भरपूर. तालुक्यातालुक्याच्या वाचनालयांत तिच्या पुस्तकांचे पुठ्ठे हाताळून हाताळून निघून आलेले आहेत, आणि पुस्तक नेणाऱ्या बायका 'सासूबाईंना हवंय' असं सांगून नेतात. तिचे सरदार असतातच तसे. रुंद खांद्यांचे, घोगऱ्या आवाजाचे, कमी बोलणारे, स्वतः पाणी प्यायच्या आधी घोड्याला पाजणारे. सत्कारसमारंभात कुणी ना कुणी विचारतंच, 'ताई, हे पुरुष तुम्हाला सापडतात कुठं?' शशिकला हसून सांगते, 'इतिहासात.' खरं सांगायचं तर स्वयंपाकघराकडे बोट दाखवावं लागलं असतं.

कारण तिचा प्रत्येक सरदार म्हणजे मथुवैनी. मथुवैनी तिच्या थोरल्या जाऊ, उंचीनं नवऱ्यापेक्षा वरचढ, आवाजानं सगळ्या गल्लीपेक्षा. पुरुष मंडळी दुकानात गेली की वैनी डोक्याला पंचा गुंडाळायच्या, धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर टांग टाकून बसायच्या आणि कमरेला उलथणं खोचायच्या. शशिकला ओट्याशी उभी राहून नायिका व्हायची. सरदाराचं वाक्य आधी वैनींच्या तोंडून निघायचं आणि मगच कागदावर उतरायचं. वैनी अडखळल्या की वाक्य कापायचं, हा नियम. "बाप्यामानूस इतकं बोलत न्हाई गं," त्या म्हणायच्या. "दोन शब्दांत उरक, घोडं कंटाळतंय." समीक्षक ज्याला शशिकलाबाईंचा संयम म्हणतात तो हा. वैनींनी स्वतः मात्र एकही पुस्तक धड वाचलं नाही. छापून आलं की शेवटचं पान काढायचं, 'जगला न्हवं?' म्हणून विचारायचं आणि मिटवून ठेवायचं.

श्रावणात कणीक मळता मळता वैनी खाली बसल्या. दवाखान्यात नेलं. तिथं त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. बोलणं झालं नाही, काही नाही. तेव्हापासून शशिकलाला काही वाटत नाही. दाढ काढण्याआधी हिरडीत सुई टोचतात, तसं सगळं आतून जड आणि बधिर आहे. लोक भेटायला आले, रडले, चहा पिऊन गेले. तिनं सगळ्यांना चहा विचारला.

आणि हैबतराव दारात थांबलेत. मोहिमेवर निघायचंय, घोड्यावर जीन चढलंय, राजसबाई उंबऱ्याशी उभी आहे, एवढ्यावर कादंबरी संपायची आहे. पण हैबतराव निघत नाहीत. घोडं कुठं पेंड खातंय ते शशिकलाला पक्कं माहीत आहे, पण सांगणार कुणाला? प्रकाशकांचा सकाळी पुन्हा फोन आला होता. संध्याकाळी आपणच फोन करून सांगायचं, की हे होत नाही, आणि यापुढेही काही होणार नाही, असं तिनं जेवताना ठरवून टाकलंय. लिहिणं संपलं. याचंसुद्धा वाईट वाटत नाही, हेच काय ते वाईट.

पंखा अडखळतो. या वेळी तो पुन्हा फिरत नाही.

स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं खरवडतंय. शशिकला उठून जाते. स्वयंपाकघर आहे तसंच आहे, डबे जागच्या जागी, भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर. ओट्यापलीकडे मात्र कृष्णेचा घाट उतरत गेलाय आणि खालच्या पायरीवर मथुवैनी बसल्यात. भाताचं पातेलं मांडीत घेऊन त्या खरवड काढतात. पाणी त्यांच्या घोट्यांना लागतंय, लुगडं भिजत नाही.

"आलीस व्हय?" वैनी मान वर न करता म्हणतात. "चष्मा काढ की. झोपेत कशाला लागतोय?"

शशिकला चष्मा काढते. वैनी आणखी स्वच्छ दिसतात.

"वैनी, तुम्ही गेलात ना?" दूधवाला येऊन गेला का, अशा सुरात ती विचारते. "श्रावणात."

"तसं म्हणत्यात खरं." वैनी खरवडीचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवतात. "तुझं काय अडलंय ते सांग."

"हैबतराव निघत नाहीत."

"का?"

"तुम्ही नाही म्हणून. पंचा आणते. कोठीवर बसा आणि निघा एकदाचे."

"न्हाई." वैनी पातेलं पाण्यात सोडून देतात. ते वाहत जातं आणि दोघीही त्याला जाऊ देतात. "आजपतोर तुझे सगळे सरदार मी झाले. मिश्या तेवढ्या फुटायच्या ऱ्हायल्या. आज मी राजसबाई हुनार."

आता त्या दोघी बांगड्यांच्या गल्लीत उभ्या आहेत. ओळखीचीच गल्ली, दुकानंही तीच, फक्त माणूस एकही नाही आणि ऊन वरून यायच्या ऐवजी फरशीतून येतंय. वैनींच्या अंगावर हिरवं नऊवारी आहे. नाकात नथ आहे. त्यांनी नथ घातलेली शशिकलाला उभ्या आयुष्यात आठवत नाही. वैनी आपल्याच हातानं हिरवा चुडा चढवतात, एकेक बांगडी, घाई न करता.

"शोभतीय का?" त्या विचारतात, आणि विचारताना चक्क लाजतात.

"शोभते." शशिकलाला खरंच तसं वाटतं, आणि वाटलं म्हणून ती दचकते.

"तुझे भाऊजी रोज दुकानाला निघताना काय म्हनायचे, ठाऊक हाय? 'कडी लाव.' जन्मभर तेवढंच. माझा कुनी निरोप घेतला न्हाई, मी कुनाला दिला न्हाई. तुझ्या सगळ्या बायका मात्र दारात हुभ्या ऱ्हाऊन डोळं पुसायच्या आनि मी आपली कोठीवर बसून घोडं हाकायची. मलाबी एकदा दारात हुभं ऱ्हायचं हुतं गं."

"मग बोलला का नाहीत?"

"सरदार लई बोलत न्हाई," वैनी म्हणतात.

गल्ली संपते तिथं दवाखान्याचं दार आहे. चपला काढायची मांडणी, 'शांतता राखा'ची पाटी, आणि वर दगडी कमान, तिच्यावर नगारखाना. खाकी कपड्यांतला पहारेकरी भाला घेऊन बसलाय. तो नेहमीसारखाच म्हणतो, "एका वेळी एकच माणूस." वैनी त्याला हातानं बाजूला करतात आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहतात. शशिकला बाहेर राहते. तिच्या डोक्याला पंचा आहे. कमरेला उलथणं टोचतंय. सलाईनच्या स्टँडला लगाम बांधून धान्याची कोठी उभी आहे, ऊबदार आहे, आणि श्वास घेते आहे.

"बस तिच्यावर."

शशिकला बसते. गुडघा कुरकुरतो. पडता पडता सावरते. वैनी हसत नाहीत.

"आता म्हन."

"काय म्हणू? हैबतरावांचं काही लिहिलेलंच नाही."

"मग माझं काय लिवलंस ते तरी दाव."

राजसबाईचं भाषण शशिकलाच्या हातातच आहे. तोच कोरा ताव, पण आता दोन्ही बाजूंनी भरलेला. वैनी तो लांब धरून वाचतात. चंद्र आहे, तुळस आहे, कपाळीचं कुंकू आहे, सात जन्म आहेत. वाचता वाचता त्यांचे ओठ हलतात, मग थांबतात.

"हे समदं बोलून हुस्तवर मोहीम संपून त्यो घरला यील की," त्या म्हणतात. "बाईमानूसबी इतकं बोलत न्हाई, शशे. दारात हुभं ऱ्हायल्यावर घशातनं शब्द निघतोय का? तुझा निघाला का?"

शशिकलाचा निघाला नव्हता.

वैनी तावाची घडी घालून पहारेकऱ्याला देतात. पदराखालून एक वाटी काढतात. "हात कर पुढं."

ती उजवा हात पुढे करते. वैनी तळहातावर चमचाभर दही घालतात. मोहिमेला निघालेल्याच्या, परीक्षेला निघालेल्याच्या, लांब निघालेल्या कुणाच्याही हातावर घालतात तसंच. दही चाटलं की निघायचं. मग उंबऱ्याच्या आत परत यायचं नाही, काही विसरलं असलं तरी.

"हे उलटं होतंय," शशिकला म्हणते. "गेलात तुम्ही. दही मी तुमच्या हातावर घालायला पाहिजे होतं. तुमचा हात बांधलेला होता, नाकात नळी होती, मला आत सोडत नव्हते."

"मी कुठं गेले? नीट बघ की."

शशिकला बघते. वैनी उंबऱ्याच्या आत उभ्या आहेत. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतात, पुन्हा पहिल्यावर. पाय सुजलेत. जोडवी रुतलीत.

"श्रावणापास्नं हितंच हुभी हाय बघ," वैनी म्हणतात. "पायाला मुंग्या आल्या. जानारा दिसंनासा होईस्तवर दारातनं हलायचं नसतंय. आनि तू तर निघंनास. घोड्यावरबी बसंनास. नुसती तिकडं दिवानावर पडून ऱ्हायलीयास."

"मी पडलेली नाही वैनी. मला काही वाटतच नाही."

"आगं, वाटायला मानूस हलाय लागतंय. खा ते."

शशिकला मूठ मिटते. दही बोटांच्या फटींतून गार लागतं. "नाही खाणार."

"मुठीत धरून काय हुतंय? आंबंल आनखी."

"आंबू दे. मला जाते म्हणवत नाही."

"जाते म्हन असं कोन म्हनतंय? निघताना येते म्हनायचं. आईनं शिकीवलं न्हाई व्हय तुला?" घोगरा आवाज एकदम हळू होतो. इतका हळू शशिकलानं तो कधी ऐकलेला नाही, कुठल्या सरदाराच्या तोंडूनही नाही. "तू येते म्हन. मी म्हनीन, सवडीनं ये. झालं. एवढंच तर हाय."

कोठी खूर आपटते. कमानीवर नगारा वाजायला लागतो, आधी एकेक टोला, मग सलग, मग नुसती घरघर.

पंखा फिरतोय. चष्म्याची काडी गालात रुतली आहे. पडद्याच्या कडेनं उन्हाची पट्टी भिंतीवर सरकली आहे, म्हणजे बराच वेळ गेलाय. घरात कुणी नाही. शशिकला उठून बसते आणि तिच्या लक्षात येतं की उजव्या हाताची मूठ मिटलेलीच आहे, बोटं दुखेपर्यंत घट्ट.

ती मूठ उघडते. तळहातावर दही आहे.

भाग्यरेषेवर साचलंय, बोटांच्या फटींत शिरलंय, एक ओघळ मनगटाकडे निघालाय. ती हात नाकाशी नेते. वास दह्याचाच. ती तशीच बसून राहते, हात पसरून, देवळात तीर्थ घेतल्यासारखी. पुसून टाकायला पदर आहे. धुऊन टाकायला मोरी आहे. आणि काहीच न करता असं बसून राहिलं तर वैनी दारातच राहतील. नथ घालून, हिरवा चुडा घालून, हाक मारली तर ओ देण्याइतक्या जवळ. हेही काही वाईट नाही, तिला वाटतं. चांगलंच आहे. जन्मभर पुरेल.

मग त्या पायांचं काय?

ओघळ मनगटावर येतो. शशिकला तो जिभेनं अडवते. मग तळहात चाटते, बोटांच्या फटी चाटते, लहान मूल चाटतं तसं, काही शिल्लक ठेवत नाही. दही आंबट आहे. दातांना झिणझिण्या येतात. जीव कळवळतो, आणि तो वैनींसाठी कळवळतो, हे तिला अगदी स्पष्ट कळतं.

"येते, वैनी," ती मोठ्यानं म्हणते, आणि वैनींना लवकर बसता यावं म्हणून जरा घाईनंच उठते.