दोन शिपायांमधलं निशाण

मुलांनो, तुमच्या आजोबांचं रोमन नाणं दिवाळीत व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर धर, असं तुम्ही म्हणालात. त्याआधी काल जे झालं ते लिहून कळवते. समोरासमोर मला सांगवणार नाही.

मलकापूरच्या एका तांबटाकडे वितळवायला आलेल्या मोडीतून आजोबांनी ते उचललं होतं. कोटाच्या बटणाएवढं, काशाचं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला भाले धरलेले दोन शिपाई. त्यांच्यामध्ये निशाणं दोन असतील तर नाणं आधीचं, एकच असेल तर काही वर्षांनंतरचं. नेमका तिथेच हिरवा गंज चढला होता. आजोबा शेवटपर्यंत ‘दोन’ म्हणत, मी ‘एक’. ते गेल्यापासून मी ते बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात भिजवून बांबूच्या काडीने कणाकणाने गंज काढत होते. घासायचं नाही, चित्र असतं ते गंजाच्या अगदी तळच्या पातळ थरात. परवा एका निशाणाची काठी दिसली. शेजारी दुसरी आहे का, एवढंच पाहायचं राहिलं होतं.

काल लक्ष्मीपूजनाच्या तयारीला माझी धाकटी जाऊ डोणगावहून आली. दुपारी मी जरा पडले. उठले तर मागच्या अंगणातून घासण्याचा आवाज. पूजेची तांब्यापितळेची भांडी चिंच-राखेने घासून निघत होती. माझ्या टेबलावर नाण्याची वाटी नव्हती. देवघरातल्या तांब्याच्याच वाटीत मी ते भिजत घातलं होतं. चूक माझी.

“थांब! त्या वाटीतलं नाणं कुठंय?”

“काऊन ओरडून राह्यल्या ताई? हे काय, हातातच हाये.” तिच्या दुसऱ्या हातात नारळाची शेंडी होती. “लक्ष्मीपुढं असं हिरवंगार ठेवता का? तुमच्या राजाले आंघोळ घालून देली.”

“दोन्ही बाजू घासल्या?”

“नाही, एकच. आता पलटवतच होती.”

वर राजा आहे की शिपाई, हे राखेत कळेना. नाणं साध्या पाण्याखाली धरलं. भिंग घेऊन खिडकीशी बसले. भिंग नाण्यावर ठरेना, शेवटी तिनेच माझं मनगट धरलं.

“दिसते का काही?” तिने हळूच विचारलं.

शिपायांच्या जागी तांबूस, गुळगुळीत चकाकी होती. मी नकारार्थी मान हलवली. तिने मनगट सोडलं नाही.

निशाण एक होतं की दोन, ते आता कळणार नाही. राजाचं डोकं शाबूत आहे, कपाळावरच्या पट्टीसकट. मागच्या बाजूला डावीकडच्या शिपायाचे पाय आणि त्याच्या भाल्याचं खालचं टोक उरलं आहे.