पेवातली बिअर

बिअरबद्दल मला जे काही कळतं ते माझ्या धाकट्या भावानं शिकवलं. मी स्वतः ती कधी चाखली नाही, आणि आता आमच्या घरात तो शब्दही कोणी काढत नाही. पण शिकलेलं डोक्यातून जात नाही. वर्गात बहमनी सुलतानांचा धडा शिकवताना मध्येच मला लंडनचे हमाल आठवतात आणि हातातला खडू थांबतो. आमच्या वडिलांचा, अप्पांचा, जीव गेला त्यात या सगळ्या माहितीचा वाटा होता, म्हणून ती मी विसरूही शकत नाही.

भाऊ बंगळूरला एका पबमध्ये होता. तिथं बिअर जागेवरच बनायची. काचेपलीकडं चकचकीत टाक्या, अलीकडं गिऱ्हाईक, आणि मध्ये हा उभा. कुठली बिअर कडू, कुठली आंबट, कुठली कोणत्या देशातून आली, हे गिऱ्हाइकाला रंगवून सांगायचं, एवढंच त्याचं काम. बोलण्यात तो पहिल्यापासून पटाईत. टाक्यांच्या खोलीत मात्र त्याला जाऊ देत नसत. तिथली माणसं वेगळी होती.

तो पब बंद पडला आणि हा बीदरजवळच्या जनवाड्याच्या पुढं आमच्या शेतावर परत आला. आई गेल्यापासून अप्पा तिथं एकटेच राहायचे. मी नौबादला राहते, शाळेत इतिहास शिकवते, आणि रविवारी शेतावर जायचे. हा येताना एक खूळ डोक्यात घेऊन आला होता. घरच्या ज्वारीची बिअर करायची, चार जाणत्यांना नमुना पाजायचा, आणि मग रीतसर परवाना काढून बीदरात स्वतःची जागा टाकायची.

"अन् परवान्याच्या आधी धरून नेलं तर?" मी विचारलं.

"अक्का, तू पहिल्यापासून भित्री भागूबाई," तो म्हणाला.

दर रविवारी गोठ्यासमोरच्या ओट्यावर माझी शिकवणी सुरू झाली. अप्पा बाजूला तोंडावर टॉवेल टाकून पडलेले असत. आयुष्यभर दारूचं नाव काढलं की नाक मुरडणारा माणूस, पण पोरगा घरी आला होता म्हणून गप्प.

"बिअरची घराणी दोनच," भाऊ सांगायचा. "एल अन् लागर. एलचं खमीर उबेत काम करतंय, वर तरंगतंय, लवकर आटपतंय. लागरचं थंडीत, तळाला बसून, दमानं."

एल इंग्लंड-बेल्जियमकडची. लागर बव्हेरियातली. तिथं उन्हाळ्यात बिअर नासायची, म्हणून लोक ती थंडीत बनवत आणि डोंगराच्या पोटातल्या गुहांत, तळघरांत, बर्फ रचून साठवत. लागर या शब्दाचा मूळ अर्थच साठवण. महिनोन्महिने अंधारात पडून ती नितळ व्हायची. पुढं बोहेमियातल्या पिल्सन गावच्या मऊ पाण्यात फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, घालून सोनेरी लागर झाली, ती पिल्सनर. आपल्याकडं दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या तिच्याच लांबच्या नातेवाईक.

लंडनचे ओझी वाहणारे हमाल जी काळपट बिअर प्यायचे तिला त्यांचंच नाव पडलं, पोर्टर. तिच्यातली जी कडक ती स्टाउट. आयर्लंडवाल्यांनी तीत काळा होईस्तोवर भाजलेला जव घातला आणि ती कॉफीसारखी झाली. इंडिया पेल एल इथल्या गोऱ्यांसाठी जहाजातून यायची. वाटेत टिकावी म्हणून तीत हॉप्स नावाची कडू फुलं जास्त.

"गिऱ्हाइकाला ही गोष्ट लई आवडते," तो म्हणाला. "निम्मी खरी हाय."

"अन् निम्मी?"

"निम्मी मी रंगवायचो."

गव्हाच्या बिअरला म्हणे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण आत ना केळं असतं ना लवंग. ती सगळी खमिराची करामत. बेल्जियममध्ये मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल टाकतात. फोडणी पण देतात का, असं मी विचारलं तर तो रुसला. मग त्यानं ब्रसेल्सजवळच्या लँबिकचं सांगितलं. ती उघड्या पसरट हौदात ठेवून देतात, खमीर घालतच नाहीत. थंडीतल्या हवेतून जे उतरायचं ते आपोआप उतरतं.

"हवेत काय काय असतंय, अक्का. आपल्याला दिसत न्हाई, एवढंच."

मला ते ऐकून उगीच कसंतरी झालं. आता वाटतं, त्याला सगळ्या जगातल्या बिअरची जन्मकथा ठाऊक होती, फक्त ती होताना तिच्या अंगातून काय बाहेर पडतं ते कोणी त्याला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक ते विचारत नाही.

एका रविवारी तो आफ्रिकेबद्दल बोलत होता. तिथल्या बाया ज्वारीला मोड आणून मडक्यात बिअर करतात, दाट आणि आंबूस, आणि सगळे एकत्र बसून पितात. टॉवेलाखालून आवाज आला, "जवारीची?"

"व्हय अप्पा. जवारीचीच."

अप्पा उठून बसले. "मग आपली कामून चालणार न्हाई?"

त्या दिवसापासून हा धंदा अप्पांनी हातात घेतला म्हणायला हरकत नाही. ज्वारी भिजवणं, गोणपाटात बांधून मोड आणणं, पत्र्यावर वाळवणं, भरडणं, सगळं तेच करू लागले. पिणार एक थेंब नव्हते. पण आपल्या रानातल्या दाण्यातून काहीतरी नवं निघतंय आणि त्या निमित्तानं पोरगा घरी राहतोय, याचं त्यांना इतकं सुख होतं की ते चेहऱ्यावर मावत नव्हतं.

आमच्या शेतात एक पेव आहे. होतं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढं, खाली पोट मोठं. भरलेलं पेव उघडलं की आमच्याकडं कोणी लगेच आत उतरत नाही. आधी झाकण काढून हवा खेळू द्यायची, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील विझला तर लांब राहायचं. ज्वारी खाली श्वास घेते आणि आपल्या वाटणीचाही घेऊन टाकते, असं अप्पा सांगत. हे विसरलेला एखादा माणूस इथल्या प्रत्येक गावानं पाहिलेला आहे.

पण ही भीती भरल्या पेवाची. रिकाम्याला कोण कंदील दाखवतं? ज्वारीच नाही तर श्वास कोण घेणार? ज्वारी आता पोत्यांतून थेट बाजारात जाते, आमचं पेव कित्येक वर्षं रिकामंच होतं, आणि लहानपणी आम्ही दोघं त्यात लपायचो.

उन्हाळा लागला तसं घरातल्या उकाड्यात बिअर बिघडायला लागली. भावाच्या डोक्यात त्या बव्हेरियाच्या गुहा आल्या. "पेवात लागर व्हायची न्हाई, तेवढं गार न्हाई," तो म्हणाला, "पण एल झक्कास व्हईल." आधी एक छोटा ड्रम शिडीवरून खाली नेला. तो छान निघाला. दोघं रोज आत जाऊन येत, काही झालं नाही. त्या एका ड्रमनं आम्हाला गाफील केलं आणि घात झाला. मग मोठे निळे ड्रम आत गेले, एकाशेजारी एक, आणि वरची झळ लागू नये म्हणून पेवाच्या तोंडावर ओलं गोणपाट अंथरलं.

प्रत्येक ड्रमच्या झाकणातून एक नळी निघून पाण्याच्या बाटलीत बुडवलेली होती. त्यातून सारखे बुडबुडे यायचे. गुडगुड थांबली की बिअर झाली, असं भावानं सांगून ठेवलं होतं. अप्पांना त्या गुडगुडीचा नादच लागला. दिवसातून कितीदा तरी खाली उतरून ऐकून येत.

मोठे ड्रम ठेवल्यानंतरच्या रविवारी मी गोणपाट सारून तोंडाशी वाकले तर नाकात झिणझिण्या आल्या, सोडा पिताना येतात तशा. मी मागं सरले.

"आंबायलंय ते," अप्पा हसून म्हणाले. "वास येणारच की."

मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण अबकारीच्या जीपची. रस्त्यावर गाडी वाजली की मी उठून बांधापर्यंत जाऊन बघायचे. आम्ही सगळे वाटेकडं डोळे लावून बसलो होतो.

त्याच दिवशी दुपार व्हायच्या आत हे घडलं. भाऊ ओट्यावर ग्लास पुसत होता, मला पहिल्या ड्रमची बिअर निदान हुंगायला तरी लावणार म्हणून. अप्पा म्हणाले, "थांब, खालचं काय म्हणायलंय बघून येतो," आणि गेले. बराच वेळ झाला. भावानं हाक मारली. ओ आली नाही.

गोणपाट बाजूला सारलेलं होतं. तोंडाशी अप्पांच्या चपला, नीट जोडून ठेवलेल्या. खाली ड्रमला टेकून अप्पा कुशीवर पडलेले, झोपल्यासारखे. वर फक्त गुडगुड ऐकू येत होती.

भावानं शिडीवर पाय टाकला आणि मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. नेमकं काय झालंय ते मला शब्दांत कळलं नव्हतं. पण पेवाच्या तळाशी माणूस पडलाय आणि ओ देत नाही, याचा अर्थ आमच्या भागात कोणाला सांगावा लागत नाही. तो ओरडत होता, "सोड अक्का, अप्पा हायेत ते, सोड!" मी सोडलं नाही. मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते. शेजारच्या रानातले चाचा धावत आले आणि लांबूनच किंचाळले, "नक्को उतरो! दोनो जाते!"

चाचांनी पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप आणला आणि औषधाशिवाय नुसता वारा आत मारत राहिले. कंदील सोडला, विझला. पुन्हा वारा मारला. कंदील जळत राहिला तेव्हा ते स्वतः कमरेला दोर बांधून उतरले. अप्पांना वर काढलं. अंग अजून गरम होतं, पण अप्पा गेले होते.

पुढचं सगळं झालं तसं झालं. पोलीस आले, पंचनामा झाला, ड्रम बांधावर ओतले गेले. बिअर आंबताना निघणारा जड वायू पेवाच्या तळाशी साचला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्वारीचा आंबूस वास रानात कितीतरी दिवस राहिला.

दिवसपाणी उरकल्यावर भावानं ट्रॅक्टरनं माती आणून पेव बुजवायला घेतलं. मी बाजूला उभी होते. शेवटची ट्रॉली रिकामी झाली, तेव्हा तो इंजिन बंद करून खाली उतरला.

"अक्का, मी खाली असतो अन् अप्पा वर, तर त्यांना धरलं असतंस का?"

"धरलं असतं."

"अन् ते थांबले असते?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्याशी मला ते कधी जमलं नाही. "न्हाई," मी म्हणाले. "मला ढकलून त्यांनी उडी टाकली असती."

तो माझ्या दुप्पट आहे, ज्वारीचं पोतं एका खांद्यावर नेतो.

"मग मी तुला कामून ढकललं न्हाई?"

तो जिवंत आहे याचा मला इतका आनंद होतो, की तो त्याच्यापासून लपवावा लागतो.