शिकलेलं इंजिन

प्रत्येक कामानंतर मिस्त्रीच्या डब्यात दोन-चार नट उरतातच. कुठले ते आठवत नाही, पण फेकवतही नाहीत. पांढुर्ण्यात चाळीस वर्षं गॅरेज चालवताना माझ्याकडे किस्सेही असेच उरत गेले. त्यातले निम्मे एकट्या गुलाबराव सेठच्या ट्रकचे!

ट्रक सेठच्या वडिलांच्या वेळचा, लांब नाकाचा. तीस वर्षांपासून तो डोमाजी चालवतो. इंजिन थकलं, धूर ओकू लागलं, तेव्हा सेठचा इंजिनिअर भाचा पंकज म्हणाला, "मामा, नवीन इंजेक्शनवालं इंजिन बसवू. कॉम्प्युटरवर चालते. डिझेल अर्ध्यावर येईन!"

डोमाजीनं विचारलं, "अन् मी?"

"तुम्ही फक्त बसून राहा, काका!"

सेठनं चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर जाहीर केलं, "सौंसरच्या बगीच्यातली संत्र्याची पहिली खेप नागपूरच्या लिलावात टायमावर पोहोचली तर ट्रक राहीन. नाही तं ट्रक कबाडीत, अन् डोमाजी घरी!"

हुशारी भाच्याची आणि पैज ड्रायव्हरच्या भाकरीवर. मी चौथीपर्यंतच शिकलो, म्हणून असेल, पण हा न्याय मला समजला नाही.

* * *

पंकजनं मोबाईलवर फोटो पाहून इंजिन मागवलं. ते आलं आणि बॉनेटच बंद होईना.

"फोटोत लहान दिसून राहिलं होतं," पंकज म्हणाला.

मी म्हटलं, "बाबू, फोटोत तं हत्तीही खिशात मावते."

शेवटी बॉनेट कापावं लागलं. मी कटर लावला तेव्हा डोमाजी बाहेर जाऊन पाठ करून उभा राहिला.

* * *

नव्या इंजिनासोबत नवं पॅडलही आलं, प्लास्टिकचं. डोमाजीचा पाय टायरच्या चपलेतला. त्यानं ते पॅडल हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

"मिस्त्री, हे पाय ठेवाचं हाये का साबन ठेवाचं?"

* * *

ट्रक तयार झाल्यावर पूजा ठेवली. हळद-कुंकू झालं, हार घातला. सेठनं विचारलं, "या इंजिनात सगळ्यात महागाची वस्तू कोनती?"

पंकजनं मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरचा डबा दाखवला. सेठनं त्याच डब्याच्या कोपऱ्यावर नारळ फोडला! पाणी सरळ आत.

पंकज लॅपटॉप जोडून ओरडला, "मामा, बेचाळीस चुका दाखवून राहिला!"

मी डबा उघडला, पुसला, दोन दिवस उन्हात ठेवला. एकेचाळीस चुका गेल्या. उरलेली एक लॅपटॉप धरून उभी होती.

* * *

एका सकाळी बॅटरी बसली. जुनं इंजिन असतं तर चार जणांनी ट्रक ढकलला की सुरू. सेठनं बाजारातले आठ जण गोळा केले. "लावा रे जोर!"

आता बॅटरी बसली की हे इंजिन ढकलून सुरू होत नाही. कॉम्प्युटरला वीज मिळाल्याशिवाय ते डिझेलच घेत नाही. मी सांगायला सुरुवात केली. पण मी पडलो सावकाश बोलणारा. माझं वाक्य पुरं झालं तेव्हा ट्रक रेल्वे स्टेशनासमोर पोहोचला होता!

सेठ धापा टाकत म्हणाले, "आधी काहून नाही सांगतलं, मिस्त्री?"

"आधीच सुरू केलं होतं, सेठ."

* * *

मग ती पहिली खेप आली. सौंसरहून संत्रा भरून आम्ही निघालो, डोमाजी आणि शेजारी मी. सेठ आणि पंकज कारनं पुढे गेले.

बोरगावजवळ ट्रक बंद! डोमाजीचा चेहरा उतरला. मी पंकजला फोन लावला.

"डबा गरम झाला असन," तो म्हणाला. वायर पुरली नाही म्हणून त्यानं डबा सायलेन्सरशेजारीच बसवला होता! "त्याले दहा मिनिटं आराम द्या लागते. मंग होते चालू."

दहा मिनिटं आराम दिला. समोर टपरी होती, आम्ही चहा घेतला. ट्रक सुरू झाला. पुढे पुन्हा बंद, पुन्हा आराम, पुन्हा चहा. असं नागपूरपर्यंत सहा वेळा!

मंडीत पोहोचलो तेव्हा शेवटच्या ढिगाची बोली चालली होती. त्यामागोमाग आमचा माल लागला आणि विकला गेला. डोमाजीनं सुटकेनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

सेठ हातात चहा घेऊन उभे होते. माल विकल्याबरोबर त्यांची भीती गेली आणि राग आला. "सहा ठिकानी थांबला? चहा पीत आला काय बे?"

डोमाजी सावकाश खाली उतरला. "गाडी थकली का तिले दहा मिनिटं आराम द्या लागते, पंकजबाबूनंच सांगतलं. मी तीस साल चालवून राहिलो, सेठ. मले कधी कोनी सांगतलं काय, का डोमाजी, दहा मिनिटं बस म्हनून?"

सेठनं हातातला कप डोमाजीपुढे केला.

डोमाजीनं कपाकडे पाहिलं, मग ट्रककडे.

"माहे सहा झाले, सेठ. हा गाडीले पाजा!"